पेनड्राइव्हमधून घेतलेल्या फाइल दिसत नाहीत? आधी एक आकडा बघा

पेनड्राइव्हमधला फोल्डर कॉपी केला, हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली, खिडकी आपोआप मिटली. नंतर फोल्डर उघडला तर आत काहीच नाही, किंवा निम्म्याच फाइल. सोलापुरात सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा, "ओ दादा, कालच घेतली होती की फाइल, आज दिसंना झालीय" हे वाक्य कानावर पडतंच. प्रवेशाच्या दिवसांत मार्कशीट आणि दाखल्यांचे स्कॅन हरवतात, लग्नसराईत फोटो, मार्चअखेरीला टॅलीचा डेटा.

न दिसणारी फाइल बहुतेक वेळा कुठे तरी शाबूत असते. ती खरोखर जाते ती नंतरच्या दहा मिनिटांच्या घाईत. कुणी तरी सांगतं म्हणून फॉरमॅट मारला जातो, पुन्हा कॉपी करताना 'रिप्लेस' दाबलं जातं, 'व्हायरस असेल' म्हणून समोर दिसेल ते डिलीट होतं. त्यामुळे फाइल दिसेना झाली की पेनड्राइव्हवर नवं काही टाकू नका, त्यातलं काही पुसू नका, आणि विंडोजने 'फॉरमॅट करू का' असं विचारलं तर 'कॅन्सल' दाबा. एवढं पाळलं तर पुढचं सगळं सावकाश करता येतं.

आता तो आकडा. 'धिस पीसी' उघडा, पेनड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये जा. तिथे 'यूज्ड स्पेस' म्हणजे वापरलेली जागा दिसते. पेनड्राइव्ह रिकामा दिसतोय, पण वापरलेली जागा ३ जीबी आहे? मग फाइल आत आहेत, फक्त डोळ्यांआड आहेत. वापरलेली जागा जेमतेम काही केबी किंवा एमबी आहे? मग फाइल त्यात आल्याच नव्हत्या, किंवा पुसल्या गेल्यात. दोन्हींचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत आणि चुकीच्या रस्त्यावर घालवलेला वेळ महागात पडतो.

हा आकडा इतकं का सांगतो ते कळायला पेनड्राइव्हची रचना थोडी समजून घ्यावी लागते. चाटी गल्लीतल्या एखाद्या कापडाच्या पेढीचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. गोदामात चादरींचे गठ्ठे, आणि गल्ल्याजवळ वही: कोणता माल, किती, कुठल्या फळीवर. पेनड्राइव्हमध्येही फाइलचा मजकूर एकीकडे आणि त्याची नोंद दुसरीकडे असते. आपण फोल्डर उघडतो तेव्हा विंडोज फक्त वही वाचून दाखवतं. बहुतेक पेनड्राइव्ह ज्या फॅट३२ पद्धतीने लिहिलेले असतात, तिच्यात दर फाइलची नोंद ३२ बाइटची असते. त्यातला एक बाइट फाइल 'हिडन' आहे का, 'सिस्टिम' आहे का, 'रीड ओन्ली' आहे का, हे सांगण्यासाठी राखलेला असतो. त्या एका बाइटमध्ये फेरफार झाला की २ जीबीचा फोल्डर पडद्यावरून नाहीसा होतो. माल जागेवरच असतो.

बाण असलेले फोल्डर

सायबर कॅफे, कॉलेजची लॅब, प्रिंटची दुकानं अशा पन्नास जणांचे पेनड्राइव्ह लागणाऱ्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त आढळतो तो शॉर्टकट व्हायरस. शॉर्टकट म्हणजे फाइल नव्हे, फाइलकडे नेणारं नुसतं चिन्ह. एखाद्या विद्यार्थ्याचा पेनड्राइव्ह उघडल्यावर 'प्रोजेक्ट', 'फोटो', 'नोट्स' असे ओळखीचे फोल्डर दिसतात. नीट बघितलं तर प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात खाली छोटा बाण असतो. 'टाइप'च्या रकान्यात 'फाइल फोल्डर'ऐवजी 'शॉर्टकट' आणि आकार १ किंवा २ केबी.

व्हायरसने खऱ्या फोल्डरवर 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन्ही शिक्के मारलेले असतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट बाहेर मांडलेले असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी व्हायरसची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालते आणि लगेच खरा फोल्डरही उघडतो. सगळं नेहमीसारखं चाललंय असं वाटतं. म्हणूनच तो आठवडेच्या आठवडे कळत नाही. कळतो तो कॉपी करताना. तुम्ही 'सिलेक्ट ऑल' करून कॉपी करता तेव्हा जे दिसतं तेवढंच उचललं जातं, म्हणजे फक्त शॉर्टकट. ते कॉम्प्युटरवर येतात, पेनड्राइव्ह काढला जातो, आणि घरी गेल्यावर एकही फोल्डर उघडत नाही.

फोल्डर दिसायला लागावेत म्हणून विंडोज १० मध्ये वरच्या 'व्ह्यू' पट्टीत 'हिडन आयटम्स'वर टिक करा. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'हिडन आयटम्स'. इथे बरेच जण थांबतात आणि 'तरी काही दिसत नाही' म्हणून हात टेकतात. कारण सिस्टिमचा शिक्का अजून बाकी आहे. त्यासाठी 'ऑप्शन्स' उघडा, त्यातल्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही ओळ शोधा आणि तिच्यापुढची टिक काढा. विंडोज इशारा देईल, 'येस' म्हणा. आता फिकट रंगातले खरे फोल्डर दिसतील. सोबत 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचा फोल्डरही दिसेल. तो विंडोजचाच आहे, त्याला हात लावायचं कारण नाही.

कधी कधी एकही ओळखीचा फोल्डर दिसत नाही, पण नाव नसलेला एक फोल्डर असतो. चिन्ह दिसतं आणि खाली कोरी जागा. काही व्हायरस सगळा माल अशा एका फोल्डरमध्ये हलवतात आणि त्याचं नाव न दिसणाऱ्या एका अक्षराचं ठेवतात. तो उघडून बघा. अनेकदा सगळं त्यातच मिळतं.

शिक्के कायमचे पुसायला एक जुनी आज्ञा आहे. स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजीत ए-टी-टी-आर-आय-बी ही सहा अक्षरं लिहा. एक जागा सोडून उणे चिन्ह आणि एच, जागा सोडून उणे आणि आर, जागा सोडून उणे आणि एस. पुन्हा जागा सोडून पेनड्राइव्हचं अक्षर, त्याला लागून कोलन, बॅकस्लॅश आणि तारा-टिंब-तारा. शेवटी जागा सोडून साधा स्लॅश आणि एस, जागा सोडून स्लॅश आणि डी. एंटर दाबल्यावर थोडा वेळ काहीच घडत नाही असं वाटेल. फाइल जास्त असतील तर मिनिटभर लागतं, खिडकी बंद करू नका. पेनड्राइव्हचं अक्षर मात्र दोनदा तपासा. चुकून विंडोज असलेल्या ड्राइव्हवर ही आज्ञा चालवायची नाही.

या आज्ञेने व्हायरस जात नाही, फक्त फाइल दिसायला लागतात. आधी खऱ्या फाइल स्वच्छ कॉम्प्युटरवर काढून घ्या, मग विंडोज डिफेंडरने पेनड्राइव्ह तपासा, आणि शॉर्टकट व अनोळखी स्क्रिप्ट त्यानंतर उडवा. आणि ज्या कॉम्प्युटरवरून हे आलं तिथे सांगा. दुकानदाराला राग येईल म्हणून लोक गप्प बसतात आणि त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाचा पेनड्राइव्ह बाधित होतो. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेट देऊन जुन्या विंडोजमध्येही पेनड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप चालणं बंद केलं. तेव्हापासून अशा व्हायरसला पसरायला माणसाचा क्लिक लागतो. बाण दिसला की क्लिक न करणं हा उपाय म्हणूनच खरोखर चालतो.

याच्याशी मिळतीजुळती एक गोष्ट व्हायरसशिवायही घडते. ऑफिसात बॅकअपसाठी 'रोबोकॉपी' ही विंडोजची कॉपी करण्याची आज्ञा वापरणारे काही जण असतात. तिने अख्खा पेनड्राइव्ह, म्हणजे ड्राइव्हच्या अगदी मुळापासून, दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवला तर त्या मुळावरचे हिडन आणि सिस्टिमचे शिक्के नव्या फोल्डरलाही लागू शकतात. कॉपी बिनचूक झालेली असते, अहवालात एकही फाइल 'फेल्ड' नसते, आणि डी ड्राइव्हमध्ये बॅकअपचा फोल्डरच दिसत नाही. वरच्याच आज्ञेत फक्त उणे-एच, उणे-एस आणि त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला की तो समोर येतो. पत्त्यात मोकळ्या जागा असतील तर तो अवतरणचिन्हांत घाला.

पेनड्राइव्हमध्ये फाइल आलीच नव्हती

वापरलेली जागा अगदी कमी असेल तर शोध मूळ कॉम्प्युटरकडे वळवा. सगळ्यात साधं कारण म्हणजे डेस्कटॉपवरचं चिन्ह उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकलेलं असतं. ते चिन्ह फाइल नसून फाइलकडे जाणारा शॉर्टकट असतो. त्याच कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह तपासला तर ते झकास उघडतं, कारण मूळ फाइल तिथेच आहे. दुसरीकडे नेलं की संपलं. तपासायचं असेल तर पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून फाइल उघडून बघा.

क्लाउडमुळेही हेच होतं. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण. तिच्या फोल्डरमध्ये निळ्या ढगाचं चिन्ह असलेली फाइल प्रत्यक्षात कॉम्प्युटरवर नसते. इंटरनेट चालू असेल तर ती कॉपी करताना उतरते, बंद असेल तर कॉपी अडते. गूगल डॉक्सचं तर कॉम्प्युटरवर दिसणारं चिन्ह म्हणजे निव्वळ पत्ता, मजकूर त्यात नसतोच. तो पेनड्राइव्हमध्ये हवा असेल तर आधी वर्ड किंवा पीडीएफ म्हणून डाउनलोड करावा लागतो.

डीटीपीवाल्यांची अडचण याहून गुंतागुंतीची. लग्नपत्रिका, यात्रेच्या शुभेच्छांचे फलक, दिवाळीच्या जाहिराती यांची जुळणी करताना पेजमेकर किंवा इनडिझाइनमध्ये लावलेले फोटो सहसा फाइलच्या आत साठत नाहीत, बाहेरच्या फोटोशी 'लिंक' राहतात. फक्त डिझाइनची फाइल छापखान्यात नेली की फोटोच्या जागी चौकट किंवा भुरकट चित्र येतं. इनडिझाइनमध्ये यासाठी 'पॅकेज'ची सोय आहे. ती फाइल, फोटो आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करून देते. व्हिडिओ जुळवणाऱ्यांनी प्रीमियरमध्ये 'प्रोजेक्ट मॅनेजर' वापरावा, कारण प्रोजेक्टच्या फाइलमध्ये एकही दृश्य नसतं, फक्त कुठली क्लिप कुठे कापायची याची टिपणं असतात. आणि मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर अगम्य रोमन अक्षरं दिसतात. तेव्हा 'फाइल करप्ट झाली' म्हणून ती टाकून देऊ नका. फॉन्ट बसवला की अक्षरन् अक्षर परत येतं.

टॅलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण टॉवेल-चादरीच्या व्यापारात वर्षभराचा हिशेब एका पेनड्राइव्हवर कर सल्लागाराकडे जातो आणि तिथे 'कंपनीच दिसत नाही' असा फोन येतो. टॅलीत प्रत्येक कंपनी म्हणजे १०००० सारखं आकडी नाव असलेला एक फोल्डर. तो अख्खा फोल्डर, त्याच आकड्यासकट न्यायचा. अनेक जण फोल्डर उघडून आतल्या सगळ्या फाइल उचलतात आणि 'शर्माजी डेटा' अशा नावाच्या नव्या फोल्डरमध्ये टाकतात. टॅलीला त्यातली कंपनी ओळखू येत नाही. दुसरं, टॅली फक्त तिला नेमून दिलेल्या डेटाच्या जागी बघते. फोल्डर डेस्कटॉपवर ठेवला तर तो यादीत येणार नाही. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर पाथ बदलून द्या, किंवा फोल्डर त्या जागी न्या. नेताना मात्र तिथे आधीच १०००० नावाचा फोल्डर आहे का ते बघा. असेल तर ती कदाचित दुसऱ्याच माणसाची कंपनी असते, आणि 'रिप्लेस' दाबलं तर त्याचा हिशेब जातो. टॅलीतून 'बॅकअप' घेतला असेल तर तो नुसता कॉपी करून चालत नाही, 'रिस्टोअर' करावा लागतो.

आली, पण डोळ्यांसमोर नाही

कॉपी केलेल्या फाइलला दोन तारखा असतात. 'डेट क्रिएटेड' म्हणजे ती या कॉम्प्युटरवर कधी आली, आणि 'डेट मॉडिफाइड' म्हणजे तिच्यात शेवटचा बदल कधी झाला. कॉपी करताना पहिली आजची होते, दुसरी जुनीच राहते. म्हणून २०१९ चा दाखला आज कॉपी केला तरी बदलाच्या तारखेने लावलेल्या यादीत तो सगळ्यात खाली जातो. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये तर विंडोज फाइलींचे 'आज', 'मागचा आठवडा', 'फार पूर्वी' असे गट पाडतं आणि आजच टाकलेली फाइल 'फार पूर्वी'मध्ये जाऊन बसते. यादीच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'डेट क्रिएटेड' हा रकाना घ्या आणि त्यावर क्लिक करा. आज आलेलं सगळं वर येतं. कित्येकांची शोधाशोध इथेच थांबते.

वनड्राइव्ह चालू असलेल्या कॉम्प्युटरवर दोन डेस्कटॉप असू शकतात, एक वनड्राइव्हमधला आणि एक जुना. घरातल्या दोघांची वेगळी लॉगिन असतील तर प्रत्येकाचा डेस्कटॉप वेगळा. फाइलचं नाव थोडं जरी आठवत असेल तर 'एव्हरीथिंग' नावाचा मोफत प्रोग्रॅम हार्डडिस्कवरची सगळी नावं क्षणात चाळून देतो. विंडोजच्या स्वतःच्या शोधापेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

झिप फाइल न सोडवता आतलीच वर्डची फाइल उघडून तासभर काम केलं तर ते काम विंडोजच्या तात्पुरत्या फोल्डरमधल्या प्रतीवर होतं. झिप जशीच्या तशी राहते. आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', मगच काम. पेनड्राइव्हमधूनच उघडलेली फाइलही सेव्ह होते ती पेनड्राइव्हवर. वर्डच्या 'रिसेंट' यादीत ती दिसत राहते, म्हणून कॉम्प्युटरवर आहे असा समज होतो.

मोबाइलवर ओटीजीने, म्हणजे पेनड्राइव्ह मोबाइलला थेट जोडून, फोटो घेतले आणि गॅलरीत दिसत नसतील तर फाइल मॅनेजरमधून त्या फोल्डरमध्ये जा. त्यात 'डॉट नोमीडिया' नावाची छोटी फाइल असेल तर गॅलरी तो फोल्डर मुद्दाम वगळते. मॅकवर लावलेल्या पेनड्राइव्हमधून काही पुसलं तर ते त्याच पेनड्राइव्हमधल्या लपलेल्या कचरापेटीत पडून राहतं. फाइल नाही पण जागा भरलेली, याचं ते एक निरुपद्रवी कारण.

अर्धी आली, अर्धी राहिली

इथे लग्नाच्या फोटोग्राफरनी लक्ष द्यावं. कॅमेरे फोटोंना ०००१ ते ९९९९ असे क्रमांक देतात आणि पुन्हा ०००१ वर येतात. दोन कॅमेऱ्यांची दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये उतरवली की हळदीतला ०४१२ आणि अक्षतांचा ०४१२ एकमेकांसमोर उभे राहतात. विंडोज विचारतं, 'रिप्लेस' की 'स्किप'? रिप्लेस केलं तर आधीचा जातो, स्किप केलं तर नंतरचा येतच नाही. तिसरा पर्याय निवडून दोन्हींवर टिक केली तर दुसऱ्याच्या नावापुढे आकडा लागून दोन्ही राहतात. त्याहून बरं म्हणजे दर कार्डाला वेगळा फोल्डर. आणि सगळे फोटो उतरले हे मोजून खात्री होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नये.

मोजायचं कसं? मूळ फोल्डर आणि नवा फोल्डर, दोन्हींच्या प्रॉपर्टीज शेजारी-शेजारी उघडा. फाइलींची संख्या आणि 'साइझ'पुढे कंसात दिलेले बाइट जुळायला हवेत, शेवटच्या आकड्यापर्यंत. 'साइझ ऑन डिस्क' वेगळी असेल तर घाबरू नका, तो दोन ड्राइव्हच्या मांडणीतला फरक आहे.

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. तासाभराचा लग्नाचा व्हिडिओ ६४ जीबीच्या कोऱ्या पेनड्राइव्हवरही जात नाही तो यामुळे. अशा वेळी पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट या मोठ्या फाइल घेणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करावा. मात्र जुने टीव्ही, गाडीतले स्टिरिओ आणि काही यंत्रांना फॅट३२ च कळतो, तेव्हा तोच पेनड्राइव्ह पुढे कुठे लावायचा आहे ते आधी ठरवा.

मराठी नावांचाही एक प्रश्न आहे. विंडोज फाइलच्या नावात २५५ अक्षरचिन्हं घेतं. अँड्रॉइड आणि लिनक्समध्ये सहसा मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, ३ बाइट खातं. 'सोलापूर' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, पण त्यात ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. हिशेब केला तर ८५ चिन्हांवर नाव संपतं. 'अमुक अमुक यांच्या चिरंजीवांच्या विवाहाची निमंत्रणपत्रिका अंतिम दुरुस्तीसह' अशा नावात 'अमुक'च्या जागी पूर्ण नावं-आडनावं आली की ते विंडोजवर चालतं आणि मोबाइलवर कॉपी होताना गळतं. विंडोजवरही फोल्डरात फोल्डर करत गेलं तर पूर्ण पत्ता २६० अक्षरांपुढे गेल्यावर कॉपी अडते. कुणी 'स्किप' दाबतं आणि तेवढ्याच फाइल राहतात. डी ड्राइव्हमध्ये एका अक्षराचा फोल्डर करून त्यात उतरवलं की सुटतं.

कॉपी चालू असताना लाइट गेली तर शेवटच्या फाइलवर भरवसा ठेवू नका. नाव आणि आकार बरोबर दिसू शकतो आणि आतला काही भाग कोरा असतो. ती फाइल उडवून पुन्हा घ्या. म्हणूनच 'कट' करून पेस्ट करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये कट-पेस्ट म्हणजे कॉपी करून मूळ पुसणं. मध्येच पेनड्राइव्ह हलला तर काही माल इकडे, काही तिकडे, आणि पेनड्राइव्हवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही.

खरोखर पुसलं गेलं असेल तर

फॅट३२ मध्ये फाइल पुसली की वहीतल्या नोंदीचं पहिलं अक्षर बदलून खूण केली जाते आणि ती जागा मोकळी म्हणून जाहीर होते. माल तिथेच असतो, त्यावर नवा माल पडेपर्यंत. म्हणून तो पेनड्राइव्ह लगेच बाजूला ठेवायचा. फोटोरेक, रेकुव्हा, किंवा २०२० मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा 'विंडोज फाइल रिकव्हरी' यांपैकी एखादा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवा आणि सापडलेलं कॉम्प्युटरवरच साठवा, त्याच पेनड्राइव्हवर कधीच नाही. फोटोसारख्या छोट्या फाइल सहसा अख्ख्या मिळतात. मोठे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत लिहिलेले असतात आणि पुसताना तुकड्यांची साखळी मिटते, त्यामुळे ते बरेचदा मोडके येतात. मूळ फाइल लॅपटॉपच्या एसएसडीवरून, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कवरून, पुसली असेल तर आशा कमी, कारण एसएसडीत मोकळी झालेली जागा आतून लवकरच साफ केली जाते.

पेनड्राइव्ह लावल्यावर 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं जातं ते बहुधा मागच्या वेळी 'इजेक्ट' न करता काढल्यामुळे. फाइल दिसत असतील तर आधी त्या काढून घ्या आणि मग दुरुस्ती करू द्या. उलट क्रमाने केलं तर तुटक्या नोंदींचे तुकडे 'फाउंड' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सीएचके प्रकारच्या फाइली म्हणून पडतात आणि त्यातून आपलं काय ते ओळखणं फार जिकिरीचं होतं.

काही शे रुपयांत मिळालेला २ टीबीचा पेनड्राइव्ह असेल तर मात्र वरचं काहीच लागू पडत नाही. त्यातली चिप छोटी असते आणि कंट्रोलर, म्हणजे ती चिप चालवणारा भाग, खोटा आकडा सांगतो. नावं सगळी दिसतात, पण खऱ्या जागेपलीकडे लिहिलेलं कुठेच साठत नाही. नवा पेनड्राइव्ह घेतल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत प्रोग्रॅमने तो पूर्ण भरून परत वाचून बघा, आणि फसवणूक निघाली तर परत करण्याची मुदत असतानाच करा.

पेनड्राइव्ह ओळखलाच जात नसेल, हाताला चटका बसेल इतका तापत असेल किंवा पिन वाकली असेल तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. डेटा रिकव्हरीवाल्याकडे देताना कोणती फाइल सगळ्यात महत्त्वाची, तिचा प्रकार, साधारण आकार, आणि ती दिसेना झाल्यापासून तुम्ही नेमकं काय काय केलंत ते कागदावर लिहून द्या. फॉरमॅट झालं असेल तर तेही लिहा, कारण कुठल्या पद्धतीने शोधायचं ते त्यावर ठरतं. पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी बघायला मागा, त्यातल्या दोन-तीन तिथेच उघडून दाखवायला सांगा, आणि डेटा घ्यायला जाताना सोबत दुसरा ड्राइव्ह न्या.